शामकलाच्या यंत्राचं हँडल

अर्जुनी मोरगावच्या आसपास उदारामने दुरुस्त न केलेला पाण्याचा पंप नाही, आणि त्याने चांगला म्हटलेला पंपही नाही. यंत्र कसं चालतं याचं त्याला कौतुक नसतं. बंद पडल्यावर काय, एवढंच तो विचारतो.

यंदा ऐन धानाच्या रोवणीत त्याची बायको शामकला बांधीतल्या चिखलातच तापाने फणफणली. न्यूमोनिया निघाला. गोंदियाहून नागपूरला नेलं, व्हेंटिलेटर लावला, तरी फुप्फुसं दाद देईनात. तेव्हा डॉक्टरांनी उदाराम आणि त्याची लेक रविता यांना बोलावून एक्मो नावाचं यंत्र सुचवलं. जाड नळीने रक्त बाहेर काढायचं, यंत्रात त्याला प्राणवायू द्यायचा आणि पुन्हा अंगात सोडायचं. तोवर फुप्फुसांना सुट्टी. वाचेलच असं नाही, पण सही तासाभरात हवी. त्यानंतर यंत्राचाही उपयोग नव्हता.

उदारामने विचारलं, “लाइन गेली तं?”

जनरेटर आहे, डॉक्टर म्हणाले. जनरेटरविषयी उदारामचं वेगळं मत होतं, तेही त्याने सविस्तर सांगितलं. यंत्रात बॅटरी आहे, डॉक्टर म्हणाले. बॅटरी कधीची, उदारामने विचारलं.

“बाबा, माय मरून राहिली अन् तुमी काय इचारून राहिले?” रविता म्हणाली.

“तेच इचारून राहिलो.”

शेवटी यंत्र चालवणाऱ्या टीनाला बोलावलं. तिने राखीव यंत्र ढकलत आणलं आणि त्याला अडकवलेलं हँडल काढून दाखवलं. सगळंच बंद पडलं तर पंप हाताने फिरवायचा. आठवड्यात पहिल्यांदाच उदारामचा चेहरा माणसात आला. त्याने हँडल फिरवून पाहिलं, कान लावून पाहिला, आणि हे फिरवणार कोण म्हणून विचारलं. टीना म्हणाली, मी. त्याने तिच्या मनगटांकडे पाहिलं. ती थकली तर दुसरा होता. दुसरा थकला तर?

“मंग मले बोलवा,” म्हणत त्याने सही केली.

पुढचे अकरा दिवस तो अतिदक्षता विभागाच्या दारापुढून हलला नाही. नातेवाइकांना ही माया वाटली. तो ड्यूटीवर होता. जेवायला जाताना रविताला जागेवर बसवी, आणि तिच्याही मनगटांकडे पाही. अकरा दिवसांत लाइन एकदाही गेली नाही. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे सहज पटत नाही.

बाराव्या दिवशी एक्मो काढलं. आणखी काही दिवसांनी घशातली नळीही निघाली. शामकलाने नवऱ्याला ओळखलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, “रोवणी झाली?”

अर्धी बाकी होती.

“मंग तुमी अठी कायले बसून राहिले?”

याचं उत्तर लांबलचक होतं आणि नर्स घड्याळ पाहत होती. त्याने दुपारची एसटी धरली. साकोली येईपर्यंत रविताला चारदा फोन केला, मायचा दम बरोबर चालू आहे ना म्हणून.

“चालू आहे जी बाबा,” चौथ्यांदा रविता म्हणाली. “सारा तुमाले शिव्या देण्यातच चालला.”