रेडिएटर थंड होईपर्यंत

मंडळी, आज दुपारी जे ऐकलं ते अजून मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, चाळीस वर्षं जुन्या जीपमधून आम्ही दोघं धुळ्याहून पारोळ्याला लग्नाला निघालो होतो. गाडी मी चालवत होते. अर्ध्या वाटेत इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. उशीर होत होता, म्हणून मी घाईने रेडिएटरचं झाकण उघडायला गेले.

आबांनी माझा हात धरला. "हात नको लावू. मझार वाफ शे. थंड होऊ दे." आत कोंडलेली वाफ माझ्या तोंडावरच आली असती.

आम्ही बाभळीच्या सावलीत बसलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तुनी मायले दवाखानामा लई जातांना बी गाडी अशीच तपनी व्हती. मी अर्धा तास थांबनू. नही थांबतू तं ती वाचती का?"

आईला जाऊन वीस वर्षं झाली. आबा तिचा विषयही काढत नाहीत, याचा मला कायम राग यायचा.

मी म्हटलं, "आबा, तशीच दामटली असती तर इंजिन जाम झालं असतं. तुम्ही दवाखान्यापर्यंत पोचलाच नसता."

त्यांनी रुमालाने डोळे पुसले, मग फडकं धरून झाकण हळूच सैल केलं आणि स्वतःच पाणी ओतलं.

आम्ही पोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं. पंगतीत आबा आईच्या आवडीनिवडी सांगत जेवले.

वीस वर्षं ते हा प्रश्न एकटेच सांभाळत होते आणि मी त्यांच्या गप्प राहण्याला विसरणं समजत होते. तुमच्या घरातही असं कुणी गप्प आहे का?