धोट्याची चव

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये चोवीस माग चालतात. त्यातला खिडकीलगतचा सातवा माग सिदूचा. नव्या माणसाला आत शिरताना आधी नुसता आवाज ऐकू येतो, थोड्या वेळानं तोही ऐकू येईनासा होतो. मग माणसांचे ओठ तेवढे हलताना दिसतात, आणि खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात सुताचा भुस्सा तरंगत राहतो, कुठंही पोचायची घाई नसल्यासारखा. वीस वर्षं सिदू तो भुस्सा पाहत आला होता. कधीकधी त्याला वाटायचं, वरच्या अंगाला कुठंतरी मेंढरं झाडाला अंग घासत उभी आहेत आणि त्यांचीच लोकर खाली येते आहे.

त्याचा बाप सांगोल्याकडच्या माळावरचा मेंढपाळ. कळप मोडला तेव्हा सिदू विशीत होता. बायकोला, बनाबाईला, घेऊन तो कुंभारीत खोली करून राहिला आणि चादरी विणायला शिकला. पोरगी शिवानी हितलीच, शहराच्या धुरात वाढलेली. तिला मेंढी फक्त लांबून माहीत.

मागावर दोन पाळ्या. सकाळी सात ते संध्याकाळी सात सिदू, पुढं खाजाभाई. आठवड्यानं अदलाबदल. माग एकच, आणि धोटेही तेच. धोटा म्हणजे लाकडी होडीच. तिच्या पोटात सुताची कांडी बसते आणि ती ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांमधून, इकडून तिकडं धावते. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्यासाठी वाकडी तार मिळते, पण तार शोधत बसायला वेळ कुणाला असतो? विणकर भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो. सूत चटकन तोंडात येतं. दिवसाला शंभर वेळा. खाजाभाई रोजे असले की तेवढा महिना तार वापरायचे, एरवी तेही तोंडानंच. म्हणजे एकाच्या ओठांची चव दुसऱ्याच्या ओठांना लागणारच. कोण तंबाखू खातो, कुणाचा दात दुखतोय म्हणून लवंग धरली आहे, हे दुसऱ्या पाळीला न सांगता कळतं.

सिदू पितो हे खाजाभाईंना असंच कळलं होतं.

लोक म्हणायचे, पोरगा शहरात आला आणि चैनीला लागला. चैन कसली? पाळी संपवून तो कुंभारीच्या खोलीत आडवा व्हायचा तेव्हा माग त्याच्या कानात चालूच असायचा. उशीत चालायचा, भाकरीच्या घासात चालायचा. एका संध्याकाळी कुणाच्या तरी आग्रहानं देशीचा पहिला पेला पोटात गेला आणि आतला माग थांबला. एवढी शांतता त्यानं माळ सोडल्यापासून ऐकली नव्हती. त्या शांततेत गवत वाजलं, लांब कुठं एका मेंढीच्या गळ्यातली घंटा वाजली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून गेला. पुढं शांततेला दोन पेले लागू लागले, मग चार. आणि आणखी काही वर्षांनी शांतता यायची बंदच झाली. आता तो प्यायचा ते सकाळी हात थरथरू नयेत म्हणून. ताण्याचा धागा तुटला की गाठ मारावी लागते. अर्धा पेला पोटात गेल्याशिवाय त्याला गाठ जमत नव्हती.

या सगळ्या काळात त्याला सांभाळलं ते दोघांनी. बनाबाई मुकादमाला निरोप धाडायची की त्यांना ताप आहे, आणि शिवानीला सांगायची की आप्पा दमलेत, आवाज करू नको. खाजाभाई पाळीवर आले की धोट्याला ओठ लावायचे, तोंड वाकडं करायचे, बाहेर जाऊन तीनदा चूळ भरायचे आणि तार शोधून काढायचे. दारू त्यांना वर्ज्य. तरी सात वर्षं ते कुणाजवळ बोलले नाहीत. सिदूच्या चादरीत कुठं नक्षीतल्या मोराची मान तुटलेली दिसली तर तेवढं उसवून नीट करून ठेवायचे. दोघांनाही वाटायचं, आपण भल्याचंच करतोय.

मग मागच्या थंडीत सिदूनं शपथ घेऊन एकट्यानंच दारू सोडली. पहिला दिवस घामात गेला, दुसरा थरथरत. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, माग चालू असताना, त्याला मेंढरं दिसली. शेडच्या दारातून ती ओळीनं आत आली, मागांच्या खालून, ताण्याच्या धाग्यांमधून, न बिचकता. एक कोकरू थेट धागा ठोकणाऱ्या फणीपाशी जाऊन उभं राहिलं. फणी दर क्षणाला पुढं येऊन आपटत होती. सिदूनं कोकराला उचलायला हात आत घातला.

खाजाभाई त्या दिवशी पगारासाठी म्हणून लवकर आले होते. त्यांनी मागाचा दांडा ओढला. फणी सिदूच्या मनगटापासून चार बोटांवर थांबली.

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं की इतक्या वर्षांची दारू एकदम तोडली तर अंग असंच उलटतं, जीवही जातो. ती सोडायची तर डॉक्टरांच्या नजरेखाली. बारा दिवस तो तिथं होता. गोळ्या झाल्या, सलाईन झालं, मेंढरं हळूहळू माघारी गेली. मग दर गुरुवारी दिपालीताईंच्या खोलीत बैठक. दिपालीताई समुपदेशक, वयानं सिदूपेक्षा लहान. त्यांनी सांगितलं की तलफ येते, चढते, आणि तिला काही दिलं नाही तर पंधरा-वीस मिनिटांत उतरतेसुद्धा. सिदूला ते वावटळीसारखं वाटलं. माळावर वावटळ आली की बाप म्हणायचा, पळू नको, पाठ कर आणि खाली बस. तो तसा बसायला शिकला.

एका गुरुवारी त्यांनी बनाबाईला आणि खाजाभाईंनाही बोलावलं. झाकून ठेवलेलं दुखणं वाढतं, एवढंच त्या दोघांना म्हणाल्या. खाजाभाई टोपी हातात घेऊन उठले. बाहेर आल्यावर सिदूला म्हणाले, "तुझी लाज राखली म्हणजे तुला राखलं, असं वाटत होतं मला. आता नक्को. आता तोंडाला लागंल ते तोंडावर सांगणार."

तेव्हापासून नऊ महिने एक रीत पडली. सकाळ असो की संध्याकाळ, पाळी बदलताना सातला खाजाभाई यायचे, धोट्यात कांडी घालायचे, ओठ लावून सूत ओढायचे आणि सिदूकडं बघून मान हलवायचे. लाकूड, सूत आणि सिदूची बडीशेप, एवढंच लागायचं. शब्द एकही नाही. ती मान हलली की सिदूला वाटायचं, आजचा दिवस खराच गेला. दुसऱ्या कशानं तसं वाटत नसे.

असा तो भाद्रपदातला बुधवार आला. वाईट काही घडलं नव्हतं. उलट सकाळीच शिवानीचं नर्सिंग कॉलेजच्या यादीत नाव लागलं होतं. बनाबाईनं शेजारीपाजारी साखर वाटली होती. मागावर नवा नमुना चढला होता आणि तो पहिल्या फटक्यात बसला होता. एक वाजता सिदू डबा घेऊन बाहेर पडला तेव्हा ऊन मऊ होतं, रस्त्याकडेला बाभळीची सावली हलत होती, आणि त्याला वाटलं, आपण बरे झालो आहोत. आता आपल्याला काही होत नाही. पाय चहाच्या टपरीपर्यंत गेले आणि तिथं थांबले नाहीत. दुःखात तो सावध असायचा. आनंदात सावध राहावं लागतं हे त्याच्या अंगाला ठाऊकच नव्हतं. देशीच्या दुकानातून तो बाहेर पडला तेव्हा अर्धी क्वार्टर पोटात होती आणि डबा तसाच हातात होता.

माग चालू झाला. हात अगदी स्थिर. एक कांडी, दुसरी कांडी, प्रत्येक वेळी भोकाला ओठ. चार वाजता दारू उतरू लागली आणि त्याच्या ध्यानात आलं की सात वाजणार आहेत.

उरलेले तीन तास त्यानं दुसरा विचार केला नाही. मान हलायला हवी. सातला दहा मिनिटं असताना त्यानं माग थांबवला, दोन्ही धोटे बंडीखाली लपवून अंगणातल्या नळावर नेले आणि धुतले. भोकात पाणी सोडलं, हलवलं, पुन्हा सोडलं. खिशातली बडीशेप चावून भोकाजवळ चोळली. बनियननं पुसल्यावर लाकूड कोरडं दिसलं. भरलेल्या कांड्या घालून, सूत ओढून, धोटे जागेवर ठेवले, म्हणजे निदान सुरुवातीला खाजाभाईंना तोंड लावावं लागू नये. दारातच ते भेटले. घरी पाव्हणे आलेत असं खोटंच सांगून सिदू सायकलवर बसला. मान हलायची वाट त्यानं पाहिलीच नाही.

कुंभारीच्या अलीकडं रस्ता भरून मेंढरं चालली होती. संधिप्रकाश होता. धनगर कळप ओढ्यावर धुऊन मुक्कामाकडं घेऊन निघाला होता. कातरणीच्या आधी धुतात तशी. सिदू सायकल धरून उभा राहिला आणि कळप त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागला, पांढरा, संथ, खालच्या आवाजात बोलत. ही मेंढरं खरी होती. त्यानं हात खाली सोडला तर एकीच्या पाठीला लागला. वरून लोकर कोरडी होती. बोटं आत गेली तशी गार, चिंब ओल लागली.

बाप म्हणायचा, धुतल्या मेंढीला दोन दिवस कातर लावायची नसते. वरून वाळते, आतून न्हाय.

सिदूचा हात तिथंच राहिला. लाकूडही तसंच पितं. भिजलेला धोटा फुगतो, मागाच्या कडेच्या पेटीत अडकतो, आणि अडकता अडकता एखाद्या फटक्याला सुटला की ताण्याबाहेर उडतो, बंदुकीतून सुटल्यासारखा. टोकाला लोखंड असतं. मागासमोर उभ्या माणसाचा चेहरा बरोबर त्या उंचीला. पहिल्या महिन्यात शिकलेली गोष्ट होती ती, आणि वीस वर्षांत असला वेडेपणा कुणीच केला नव्हता.

फोनचा उपयोग नव्हता, शेडमध्ये ऐकू येत नाही. त्यानं सायकल फिरवली. वाटेत एक साधं उत्तरही त्याला सुचलं: चुकून बादलीत पडले होते म्हणायचं. खाजाभाईंनी ते मानलं असतं. पायडल मारता मारता तो ते वाक्य घोकत होता, आणि दारापर्यंत ते तोंडात तयार होतं.

सातवा माग चालत होता, पण ठेका बिघडला होता. दर चौथ्या-पाचव्या फटक्याला धोटा पेटीत घुटमळत होता. खाजाभाई वाकून तिकडंच बघत होते. सिदूनं धावत जाऊन दांडा ओढला. एक माग थांबला, तेवीस चालू राहिले.

शेडमध्ये कुजबुजता येत नाही. बोलायचं ते ओठांनी, आणि ओठ आजूबाजूच्या चार मागांवरून दिसतात. खाजाभाईंना बाहेर न्यावं असं सिदूच्या मनात आलं. पण त्यांनी काय झालं म्हणून हनुवटी वर केली होती, आणि सिदू उभ्या जागी बोलला.

"धोटे धुतलेत मी. आज पिलो."

आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. तरी पलीकडच्या मागावरच्या तिप्पण्णाचा हात थांबला, त्याच्या पलीकडच्यानं मान वळवली.

खाजाभाईंनी दोन्ही धोटे काढले, अंगठ्यानं लाकूड दाबून पाहिलं, खिडकीत ठेवले आणि कपाटातून दुसरे आणले. मग सिदूचा दंड धरून त्याला अंगणात नेलं. तिथं बरीच शांतता होती.

"पाण्यात पडले म्हणाला असतास," ते म्हणाले, "तर मी खरं मानलं असतं."

"व्हय. तेच म्हणनार हुतो."

"डोळा गेला असता माझा, मियाँ." मग त्याचा दंड सोडून म्हणाले, "आणि बडीशेप किती ती? लगीनघरातनं उठून आल्यागत वास येतोय."

सिदूला हसू आलं नाही. आता नऊ महिने पाण्यात गेले का, असं त्यानं विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं. उद्या गुरुवार आहे, दिपालीताईंना विचार, म्हणाले. दवाखान्यात चल म्हणाल्या तर जा, मुकादमाला मी खोटं काही सांगणार नाही. आणि त्याआधी, आज, घरी सांग. एवढं बोलून ते आत गेले. पाळी त्यांची होती.

सिदू घरी पोचला तेव्हा बनाबाई चुलीपुढं होती. तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिला विचारावं लागलं नाही. भाकरी तव्यावर टाकून ती हळूच म्हणाली, "कवा?"

"दुपारी."

आतल्या खोलीत शिवानी कॉलेजचे कागद लावत बसली होती. सवयीनं बनाबाई उठली, दाराकडं वळली, आप्पा दमलेत म्हणायला तिनं तोंडही उघडलं. मग ती तशीच थांबली. भिंतीला टेकून तिनं वाट मोकळी केली.

"आज मी न्हाय सांगनार," ती म्हणाली. "तुमी सांगा."

सिदू उंबऱ्यात बसला. कानात माग चालू होता, मोठ्यानं, आणि तो थांबावा म्हणून तो काही करणार नव्हता. शिवानीनं कागद बाजूला सरकवले आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"सांगा, आप्पा. कुणी पाजली?"

"कुनी न्हाय," सिदू म्हणाला. "माझा मीच गेलो. एक वाजला हुता, ऊन लई ग्वाड पडलं हुतं..."

बनाबाईनं चुलीतला जाळ बारीक केला आणि तीही येऊन बसली.