गुळाच्या पाण्याचे दोन थेंब

आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. ग्रहण, भानामती, बुवाबाजी यांच्याविरुद्धची. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. त्यामुळे वहिनीच्या बाळंतपणात, खांडबाऱ्याजवळच्या लहानशा दवाखान्यात, मावशीने तोंड उघडलं तेव्हा माझं उत्तर तयार होतं.

बाळाच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता.

“गिऱ्हानमा भाजी चिरी व्हती हिनी,” मावशी वहिनीकडे बोट दाखवत म्हणाली. “दखा आते.”

वहिनीने भिंतीकडे तोंड फिरवलं. माझं डोकंच तापलं.

“ग्रहणाच्या सावलीने अंगठे गळतात का, मावशी? एक अंगठा नाही, बस्स. बाकी पोरगी ठणठणीत आहे!”

“मंग तू फुई शे ना तिनी? चटाड गूळनं पानी. का पत्रकले इचारशी?”

आमच्याकडे बाळाला पहिलं बोट फुईच, म्हणजे आत्याच चाटवते. डॉक्टरबाई शेजारच्या खोलीत दुसऱ्या बाळंतिणीकडे होत्या. तपासायला येतेच, म्हणाल्या होत्या. बाळाच्या ओठांवर सारखा फेस येत होता, माझी आई तो पदराने टिपत होती. मला दिसत होतं ते. पण मला वाद जिंकायचा होता, पोरगी ठणठणीत आहे हे दाखवायचं होतं. वाटीत बोट बुडवून मी दोन थेंब तिच्या जिभेवर सोडले.

ती खोकली आणि निळी पडली.

मी किंचाळले. डॉक्टरबाई धावत आल्या, नळीने तोंडातलं सगळं ओढून घेतलं. हळूहळू रंग परतला. त्यांनी बाळाचा हात पाहिला आणि तडक लंगोट सोडला. शीची जागाच नव्हती, नुसती सपाट कातडी. मग एक बारीक नळी घशातून पोटाकडे सरकवली. ती मध्येच अडली.

“हे वेगवेगळे दोष नाहीत, एकत्र येतात,” त्या म्हणाल्या. “असा हात दिसला की बाकीचं शोधायचं. अन्ननलिका पोटापर्यंत पोचतच नाहीये. हृदय, किडन्या, मणके, सगळं बघावं लागेल. लगेच सुरतेला न्या.”

चिठ्ठी लिहिताना त्यांनी विचारलं, “तोंडावाटे काही दिलं? छातीत गेलं असेल तर तिकडे कळायला हवं.”

मावशीने वाटी पदराखाली झाकली. आई म्हणाली, “काही नाही, मॅडम.”

वहिनी माझ्याकडे बघत होती.

“दिलं. गुळाचं पाणी,” मी म्हणाले. “मी दिलं.”

सुरतेच्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून आधी छातीत गेलेल्या पाण्यावर उपचार केले. त्यापायी अन्ननलिकेचं ऑपरेशन लांबलं. ती जगली, हे मला अजून खरं वाटत नाही.