गुरुवारची गोळी

गारखेड्यातल्या आमच्या मेडिकलवाल्यांनी माझा चेहरा कधी पाहिला असेल, असं मला वाटत नव्हतं. मान खाली, तोंडात "व्हय, व्हय" आणि गोळ्या पुढं.

माझ्या छातीतल्या मोठ्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचलाय. त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला आणि हात काही दिवस लुळा पडला. थर छातीत, झटका मेंदूत, लुळा मात्र हात! डॉक्टरांनी दोनदा समजावलं, तरी माझा गोंधळ कायम. एवढंच कळलं, की चरबीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी रोज जेवणानंतर घ्यायची.

मागच्या महिन्यात मेडिकलवाले म्हणाले, "तीस दिवसांच्या गोळ्या तुम्हाला चौतीस दिवस कशा पुरतात?"

मी ऐटीत म्हणालो, "गुरुवारी उपास. जेवण नाही, म्हणून गोळी नाही."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "साहेब, गुरुवारी रक्त बी उपास धरतं व्हय?"

नेमका गुरुवारच होता. त्यांनी आपला भगरीचा डबा माझ्यापुढं सरकवला. "माझाबी उपास हाय. चार घास खा आन् गोळ्या घ्या. दुसरा झटका सांगून येत नाय."

मी चार घास खाल्ले आणि तिथंच गोळ्या घेतल्या.

आता दर गुरुवारी दुकानावरून जाताना मी ओरडतो, "घेतल्या हो!"

मान खालीच. "व्हय, व्हय."