ताऱ्यांतलं लोखंड

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. दक्षिणेतल्या एका वेधशाळेत मी संशोधन करायचो, अन् सुट्टीत केदारखेड्याला घरी आल्तो. सोबत कागदाच्या गुंडाळ्या. रोहिणी नक्षत्राजवळ ताऱ्यांचा एक झुबका आहे. त्यातल्या एकेका ताऱ्याचा उजेड यंत्रानं त्या कागदावर रेघेसारखा उतरवलेला. ताऱ्यात लोखंड असलं की ती रेघ ठरावीक जागी खचते. खड्डा मोठा, तर लोखंड जास्त. पट्टी-पेन्सिल घेऊन दिवसभर ते खड्डे मापायचे. डोळ्यांच्या पार खाचा व्हायच्या.

थोरली बहीण, आमची आक्का, बाळंतपणाला माहेरी आलेली. "काय मापून राह्यला रे?"

"ताऱ्यांतलं लोखंड."

"आगं माय! मंग एखादा विळा कर की मला."

मी तिला सांगितलं, हे सगळे तारे एकाच ढगातून जन्मले, म्हणून सगळ्यांत लोखंड सारखंच निघतं.

"म्हंजी सख्खी भावंडं," ती म्हणाली, अन् भिंतीला टेकून धापा टाकत बसली. पांढरीफटक पडली होती. लग्नाआधी, दुष्काळात, ती सरकारी कामावर खडी फोडायला जायची. तिथं तिला खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची अन् मी कॉलेजातून आलो की माझ्यापुढं ठेवायची. सासरी तरी पोटभर मिळेल असं वाटलं होतं. कसलं काय!

आठवड्याभरात ती घरीच बाळंत झाली. पोरगी जगली, पण आक्काचं रक्त थांबेना. जीपमधून जालन्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात आधीच लोह नाही, रक्त बनणार कशाचं? कुणीतरी रक्त द्या, जल्दी. निरोप मिळून तिचा नवरा आणि दीर आले होते. हे ऐकलं अन् चहा पिऊन येतो म्हणून जे गेले ते फिरकलेच नाहीत. तळपट होवो त्यांचं!

मी बाही वर केली. "माझं घ्या. सख्खा भाऊ हाय, बराबर जुळंल." मला तिळमात्र शंका नव्हती.

तपासणाऱ्यानं काचेवर दोघांचं रक्त मिसळलं. गुठळ्या झाल्या. "न्हाई जुळत," तो म्हणाला.

"असं कसं? एका आईची लेकरं आम्ही! पुन्हा करा!" मी त्याच्या अंगावरच गेलो. बिचाऱ्यानं पुन्हा केलं. पुन्हा गुठळ्या. आईचं रक्त घ्यायला डॉक्टर तयार होईनात. तीच वाळून काटकी झाल्ती. मग मोंढ्याच्या बाजारात जाऊन ओळखीपाळखीच्यांचे हातपाय धरले. रक्त म्हटलं की माणूस मागं सरायचा.

हात हलवत परत आलो. आक्काला सलाईन लावलेलं. ती डोळे मिटूनच म्हणाली, "दिलं का रे तू रक्त?"

"दिलं. चढून राह्यलं बघ."

"तरीच," ती म्हणाली. "अंगात ऊब येऊन राह्यली."

बाटलीत नुसतं मिठाचं पाणी होतं. तिचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता. दिवस मावळायच्या आत आक्का गेली.