व्हॉल्व्हमधली चंद्रकोर

“देखिए तो दादा, चाँद दिखता है?”

असं म्हणून मिस्त्रीदा हातातला टॉर्च गाडीच्या मालकाकडे द्यायचे आणि स्वतः एक पाऊल मागे सरकायचे. कोलकात्यात, बेहाल्याला, मेट्रोच्या खांबांमागच्या एका अरुंद गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. तिथे भर दुपारी उघड्या बॉनेटमध्ये डोकं घालून चंद्र शोधणारा मी बहुधा एकटाच मराठी माणूस असेन.

माझी गाडी डायरेक्ट इंजेक्शनची. हे दोन शब्द मी बँकेत चारचौघांत मिरवले होते, पण त्यांचा अर्थ मला मिस्त्रीदांनी सांगितला. जुन्या इंजिनात पेट्रोल हवेच्या व्हॉल्व्हवरून आत जायचं, त्यामुळे तो आपोआप धुतला जायचा. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. व्हॉल्व्ह कोरडाच राहतो, त्याच्यावर ऑइलची वाफ बसते, जळते आणि पातेल्याला करपलेल्या दुधासारखी चिकटते. “नया इंजन खाता है, लेकिन मुँह नहीं धोता,” ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

पहिल्यांदा गाडी उघडली तेव्हा आतल्या काळ्यावर बोट फिरवून त्यांनी मला विचारलं, घरापासून बँक किती लांब? मी म्हटलं, दोन किलोमीटर. आणि बाजार? त्याहून जवळ. त्यांनी मान हलवली. इतक्याशा फेऱ्यांत इंजिन धड तापतही नाही, म्हणाले. “कभी दीघा ले जाइए इसको। इसका भी मन करता है।” माझ्या बायकोनं हे वाक्य पाठच केलं. दर शनिवारी दीघ्याला समुद्रावर जायचा विषय निघाला की ती साळसूदपणे म्हणायची, “मी कुठे म्हणतेय? मिस्त्रीदांनीच सांगितलंय.”

हा कार्बन काढायची त्यांची पद्धत म्हणजे अक्रोडाच्या कवचाचा भरड चुरा कॉम्प्रेसरच्या हवेनं व्हॉल्व्हवर मारायचा. कार्बन सुटतो, धातूला ओरखडा येत नाही. हे ऐकून बायको म्हणाली, “इंजिनाला अक्रोड आणि आम्हाला शेंगदाणे.” हे मी मिस्त्रीदांना भाषांतर करून सांगितलं. पुढच्या वेळी त्यांनी तिच्यासाठी पाव किलो खरे अक्रोड आणून ठेवले.

या कामात एकच गोष्ट चुकून चालत नाही. चुरा मारताना तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवा. जरासा उघडा राहिला तरी कार्बनचे खडे आत पडतात आणि इंजिनाचं वाटोळं होतं. म्हणून ते पान्यानं इंजिन हळूहळू फिरवायचे. व्हॉल्व्ह उघडा असेल तर त्याच्या कडेला काळी चंद्रकोर दिसते, बंद झाला की ती जाते. चार सिलिंडर, म्हणून चार वेळा तोच प्रश्न. मालकानं “नहीं दिखता” म्हटल्याशिवाय ते नळीला हात लावत नसत. गल्लीतले लोक याला नाटक म्हणायचे. मला वाटायचं, गिऱ्हाइकाचा मान ठेवायची त्यांची ही रीत असावी.

हात मात्र बघत राहावेत असे. तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल, ज्याचे हात त्याच्या आधी कामावर पोचतात. इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे नजर जातच नाही, तिथला बोल्ट ते आमच्याशी गप्पा मारता मारता काढायचे. कसा सापडतो, असं मी विचारलं तर म्हणाले, “हाथ को याद है, दादा।”

तिसऱ्या सफाईच्या वेळची गोष्ट. दोन सिलिंडर झाले होते, मिस्त्रीदा तिसऱ्यावर आले होते आणि माझा फोन वाजला. मुख्य कार्यालयातला मित्र बदल्यांची यादी समोर ठेवून बसला होता. साडेतीन वर्षं मी पुण्याची वाट बघत होतो. तो मुद्दाम माझा अंत बघत एकेक नाव वाचत होता. माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात टॉर्च.

“चाँद दिखता है?”

मी टॉर्च आत धरला. डोळे कुठे होते कोण जाणे, पण आत नव्हते. “नहीं दिखता,” मी म्हणालो. पुढच्याच मिनिटाला माझं नाव आलं. पुणे. त्या आनंदात चौथ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह मी चांगला निरखून पाहिला.

संध्याकाळी गाडी सुरू केली आणि इंजिन खडखडायला लागलं. मी काही बोलायच्या आत मिस्त्रीदांनी ते बंद केलं. बराच वेळ ते इंजिनावर हात ठेवून उभे होते. मला त्यांनी घरी पाठवलं.

दोन दिवसांनी बोलावणं आलं. इंजिन उघडून ठेवलेलं होतं. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर लांब ओरखडे, पिस्टनवर चिरडलेले काळे खडे. पाहता क्षणी मला सगळं कळलं. मिस्त्रीदा स्टुलावर बसले होते. आधी त्यांनी मला बसायला सांगितलं, मग सावकाश बोलायला लागले. त्यांना काचबिंदू होता. चार-पाच वर्षं झाली, व्हॉल्व्हच्या आतलं त्यांना दिसत नव्हतं. म्हणून मालकांना बघायला लावायचे. हात शाबूत होते, त्यांच्या जोरावर चाललं होतं.

“आपने तो देखा था, दादा। आपने बोला बंद है। उसके बाद पाने पर हमारा हाथ हिल गया होगा।” दोन्ही तळवे समोर धरून ते म्हणाले, “अब ये भी गया।”

मी खोटं बोललो असेन, ही शंकाही त्यांना आली नव्हती. खरं माझ्या जिभेवर आलं होतं, असं लिहिणं सोपं आहे. खरं सांगतो, जिभेवर काहीच आलं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “होता है कभी कभी।” भरपाईचा विषय त्यांनी काढला, तोही मी मोठ्या मनानं झटकून टाकला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, तरीही मी गप्प राहिलो.

गाडी मी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये हलवली. पुढच्या आठवड्यात मिस्त्रीदांच्या गॅरेजचं शटर बंद दिसलं. समोरचा चहावाला म्हणाला, हत्यारं विकून टाकली, हावड्याला मुलीकडे गेले. मी पत्ता लिहून घेतला. रविवारी जाऊ म्हटलं. मग सामानाची बांधाबांध, निरोपाची जेवणं, आमच्या मुलीच्या शाळेचा दाखला. रविवार येत होते, जात होते. बायकोलाही मी यातलं काही सांगितलं नाही. ती विचारायची, “अहो, मिस्त्रीदांना भेटून यायचं ना जायच्या आधी?” मी हो म्हणायचो.

दीड महिन्यानं, ट्रक यायला चार दिवस उरले असताना, हावड्याला गेलो. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. आतल्या भिंतीवर त्यांचा फोटो होता आणि त्याला ताजा हार होता.

“आप वो मराठी दादा?” तिनंच विचारलं. पंधरा दिवसांपूर्वी झोपेतच गेले, म्हणाली. मला बसवून चहा केला. बाबा माझ्याबद्दल सगळ्यांना सांगायचे म्हणे. एवढं नुकसान झालं, पण त्या माणसानं एका शब्दानं बोल लावला नाही. इथे आल्यापासून ते दिवसभर हात मांडीवर ठेवून बसून असायचे. एकदा कुकरची मूठ ढिली झाली. तिनं स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला, तर म्हणाले, शेजारच्याला बोलाव, माझ्या हातांचा आता भरवसा नाही.

मग मी तिला सगळं सांगितलं. फोन, बदलीची यादी, न बघता दिलेलं उत्तर. त्यांचा हात हिललाच नव्हता, हेही सांगितलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. तिनं हातातला कप खाली ठेवला.

“बाबा का नंबर तो था ना आपके पास?” तिनं विचारलं.

“था,” मी म्हणालो.