अबोल्याची घंटी

कोल्हापूर-चंदगड गाडीच्या त्या कंडक्टरचं नाव मी कधी विचारलं नाही. नव्वदीच्या त्या वर्षांत मी नेसरीला रोज त्याच गाडीत चढायचो. त्याचा आणि ड्रायव्हरचा अबोला होता. एक घंटी मारली की गाडी थांबायची, दोन मारल्या की निघायची. त्यापलीकडं दोघांचं बोलणं नव्हतं. घंटीची दोरीसुद्धा हा अशी ओढायचा, जणू ड्रायव्हरचा कानच पिळतोय.

एका जुलैत वाटेतल्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. गाडी अलीकडंच थांबली.

"गुडघाभर बी न्हाय पाणी, चला की!" मागून ओरडा सुरू झाला.

ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवून आरशातून मागं पाहिलं. कंडक्टरचा हात दोरीवर होता. अख्खी गाडी त्या हाताकडं बघत होती. त्यानं दोरी सोडली आणि हात खिशात घातला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. लोक दोघांना शिव्या घालत होते, तेवढ्यात पुलाचा मधला तुकडा पाण्याबरोबर गेला.

मी कंडक्टरला म्हणालो, "बरं झालं, तुमचं दोघांचं एकमत झालं."

"कसलं एकमत, पावणं?" तो म्हणाला. "दोस्ती असती तर रेटलीच असती की गाडी. दोस्तासमोर भ्या वाटतंय म्हनायची लाज वाटती. ह्याच्यासमोर कसली लाज?"

दिवाळीच्या सुमारास दोघं स्टँडवर एकमेकांना टाळ्या देत चहा पिताना दिसले.

पुढचा पावसाळा लागताच मी तासभर आधीच्या गाडीनं जायला लागलो.